पाणी किती? आधी जातं किती ते बघा

वाचकांचे प्रश्न : आहार आणि आरोग्य

होळी झाली की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. यंदा आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : वय ५२, नोकरी बसून. मुलीने माझ्या मोबाइलमध्ये पाण्याचं ॲप टाकून दिलंय. ते दर तासाला वाजतं आणि दिवसाला चार लिटर प्या म्हणतं. तेवढं प्यायलं की दिवसभर बाथरूमच्या वाऱ्या. नेमकं किती प्यायचं? (कोथरूड)

तुमच्या अंगातून किती पाणी जातं हे ॲपला ठाऊक नसतं, आणि हिशेब तर तिथूनच मांडायला हवा. पंख्याखाली बसून काम करणाऱ्या माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून, घामाचा थेंब न येताही, दिवसाला सुमारे ८०० मिली पाणी जातं. शौचावाटे १०० ते २०० मिली. लघवी दीड लिटर व्हावी असं धरलं की खर्चाची बाजू अडीच लिटरची झाली. आता जमेची बाजू. अन्न जळताना शरीरातच पाणी तयार होतं, ते २५० ते ३०० मिली. जेवणातून येणारं पाणी मात्र कुणी धरतच नाही. शिजलेल्या भाताच्या वजनात साधारण दोन तृतीयांश पाणी असतं, काकडीत ९५ टक्के. आमटी, ताक आणि रस्सा तर उघडच आहेत. वरण-भात, भाजी, कोशिंबीर असं दोन वेळचं जेवण असेल तर त्यातून ७००-८०० मिली सहज मिळतं. राहिलं दीड लिटरच्या आसपास. तेवढंच पिण्यातून भरून काढायचं असतं, तेही चहा-ताक-सरबत धरून.

हा झाला थंडीतला आकडा. एप्रिल-मेमध्ये बसून काम असलं तरी तो दोन ते अडीच लिटरवर जातो. पुण्याच्या उन्हाळ्याची एक खोड आहे. मुंबईत घाम अंगावरून निथळताना दिसतो. इथल्या कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडून जातो आणि ‘मला फारसा घाम येत नाही’ असं माणूस समजून चालतो. संध्याकाळी गडद रंगाच्या शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे दिसले तर समजा, गेलंय भरपूर.

‘रोज आठ ग्लास’ हे कुठून आलं, असंही काहींनी विचारलं आहे. १९४५ साली अमेरिकेच्या आहारमंडळाने प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाण्याची शिफारस केली होती. त्याला जोडूनच, यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातच असतं, असंही म्हटलं होतं. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं मागे राहिलं.

तेव्हा ॲप बंद करा आणि लघवीकडे लक्ष ठेवा. चोवीस तासांत सहा-सात वेळा, रंग फिकट गवती, म्हणजे ठीक चाललंय. दिवसभर पाण्यासारखी पांढरी होत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. गडद पिवळी, थोडी आणि उग्र वासाची असेल तर कमी. सकाळची पहिली लघवी यात धरू नका, ती गडदच असते. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की रंग हळदीसारखा होतो आणि बीट खाल्लं की लालसर, त्याचा पाण्याशी संबंध नाही. आणि घरातलं फुलपात्र एकदा मापाने मोजून ठेवा. दिसायला सारखी असली तरी एकात दीडशे मिली मावतं, दुसऱ्यात अडीचशे.

प्रश्न : चहा पाण्यात धरायचा का? दिवसाला चार-पाच होतात. (नारायण पेठ)

धरायचा. रोज चहा पिणाऱ्याच्या शरीराला कॅफीनची सवय झालेली असते; चहातलं पाणी बहुतांश अंगी लागतं. फक्त अमृततुल्यचा कप भरून भरून किती भरणार? पाच कप मिळून मोठ्या भांड्याएवढे होतील. काळजी करायची तर पाण्याची नको, पाच चहांतल्या साखरेची करा.

प्रश्न : पहाटे उठल्या उठल्या दीड लिटर पाणी पितो. उषःपानाने पोट साफ राहतं म्हणतात. शिवाय उभ्याने पाणी प्यायल्यास गुडघे जातात हे खरं का? (सहकारनगर)

पोट साफ व्हायला मदत होत असेल तर एक-दोन भांडी प्या, त्यात वावगं काही नाही. पण दीड लिटर एकदम घेतलं की रक्त किंचित पातळ होतं, पाणी धरून ठेवणारं संप्रेरक मेंदू थांबवतो आणि पुढच्या दीड-दोन तासांत बरंचसं पाणी बाहेर पडतं. म्हणजे सकाळचा साठा दुपारी कामाला येत नाही. निरोगी मूत्रपिंड तासाला ८०० मिली ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतं. त्यापेक्षा वेगाने पिण्याच्या पैजा लावू नयेत. गुडघ्यांचं म्हणाल तर पाणी जठरात जातं, गुडघ्यात नाही. हवं तसं प्या.

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावर कपड्यांच्या दुकानात काम करते. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ. जवळ बरं स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच पीत नाही. दर उन्हाळ्यात तीन-चारदा ‘उन्हाळी लागते’. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी करून झालं. (दत्तवाडी)

अशी पत्रं एकट्या दुकानांतून येत नाहीत. वाहतूक पोलिसांत, शाळांत, घरोघरी वस्तू पोहोचवणाऱ्या मुलींत हीच तक्रार आहे. ही सवय तुमची नाही, सोय नसल्याने लागलेली आहे. साड्यांचे मजले चढत जातात आणि विक्रीला उभ्या असलेल्या बायकांसाठी एक स्वच्छ संडास होत नाही, याला आहारशास्त्रात उत्तर नाही.

तरी जेवढं हातात आहे तेवढं करू. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. पाणी कमी पडून लघवी दाट झाली की जळजळते. ही खरी उन्हाळी, आणि पाणी वाढवलं की एक-दोन दिवसांत जाते. दुसरा प्रकार जंतुसंसर्गाचा. सारखी भावना होते, थोडी थोडी होते, गढूळ होते, ओटीपोट दुखतं. ताप, थंडी वाजणं, कमरेच्या वरच्या बाजूला दुखणं किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा; गरोदर असाल तर साध्या जळजळीलाही थांबू नका. वर्षातून तीन-चारदा होत असेल तर लघवीची साधी तपासणी आणि कल्चर करून घ्या, आणि नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. उरलेल्या गोळ्या घेऊन मग नमुना दिला की जंतू सापडत नाही आणि औषध अंदाजाने दिलं जातं.

पाण्याचा उपयोग इथे खरोखर मोजला गेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४० स्त्रिया होत्या. सगळ्या दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या, वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या. निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर जादा पाणी प्यायलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जंतूंना मूत्राशयात मुक्काम करायला वेळ मिळू नये, एवढाच त्यातला मुद्दा.

आता वेळापत्रक. प्यायलेलं पाणी साधारण तास-दीड तासात मूत्राशयात उतरतं. साडेनऊला दुकानात पोहोचायचं असेल तर साडेसहा ते आठच्या दरम्यान चहाव्यतिरिक्त ५०० मिली प्या आणि निघताना जाऊन या. दुकानात बाटली शेजारी ठेवून तासाला १००-१५० मिली, घोटाघोटाने. एका दमात अर्धा लिटर प्यायलं की ते लघवीतून पटकन निघून जातं, थोडं थोडं प्यायलेलं अंगात जास्त टिकतं. डब्याबरोबर किंचित मीठ घातलेलं ताक घ्या. मीठ आणि जेवण पाणी धरून ठेवतात. तीन-चार तासांनी एकदा जायलाच हवं, पाच-सहा तास रोखून धरू नका. जवळच्या बँकेत, हॉटेलात, ओळखीच्या घरी, जिथे सोय होईल ती जागा चौघीजणींनी मिळून ठरवून ठेवा. घरी आल्यावर झोपेपर्यंत आणखी ५०० ते ७०० मिली. सब्जा आणि धने-जिरं चालू ठेवायला हरकत नाही. त्यातला निम्माअधिक गुण त्यांच्याबरोबर पोटात जाणाऱ्या पाण्याचा असतो.

प्रश्न : यजमान ७६ वर्षांचे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तहानच लागत नाही म्हणतात आणि रात्री उठावं लागतं म्हणून पाणी टाळतात. (सदाशिव पेठ)

तहान लागत नाही हे ते खरंच सांगतायत. वय वाढलं की मेंदूतली तहानेची जाणीव बोथट होते आणि मूत्रपिंडाची पाणी राखायची ताकदही कमी होते. त्यामुळे ‘पाणी हवं का?’ विचारून उपयोग नाही, उत्तर नकारार्थीच येणार. ठरलेल्या कामाशी पाणी बांधा: दात घासून झाले की एक भांडं, गोळीबरोबर एक, नाश्ता, अकराचं ताक, जेवण, चारचा चहा आणि त्याआधी पाणी. दिवसाच्या पाण्यातला मोठा वाटा संध्याकाळी सहाच्या आत संपवा.

रात्रीच्या उठण्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं सापडतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर ती सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. स्वतः बदलू नका. दुसरं, संध्याकाळी घोट्यांवर सूज असते का बघा. पायात साचलेलं पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परततं आणि त्याची लघवी रात्री होते. दुपारी जेवल्यावर तासभर पाय उशीवर घेऊन पडलं की तेच पाणी दिवसा निघून जातं. सूज नवी असेल, किंवा चालताना धाप लागत असेल, तर पाणी वाढवण्याआधी हृदय तपासून घ्या.

हातावरची कातडी चिमटीत धरून बघायची जुनी रीत या वयात फसवते, कारण कातडी मुळातच सैल असते. जीभ कोरडी आणि भेगाळलेली, बगल कोरडी, उठताना चक्कर, किंवा एकाएकी बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो. मागच्या आठवड्यात तीन लिटर साधं पाणी प्यायलो तरी पोटऱ्यांत गोळे आले, डोकं दुखलं आणि घरी येऊन उलटी झाली. पाणी कमी पडलं का? (धायरी)

लक्षणांवरून ते सांगता येत नाही, कारण पाणी कमी पडलं काय आणि जास्त झालं काय, डोकेदुखी आणि मळमळ दोन्हींत होते. वजनाचा काटा मात्र सांगतो. पुढच्या रविवारी निघताना लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर अंग पुसून, ओला शर्ट काढून पुन्हा करा. समजा ६८ किलोचे ६६.८ झाले आणि वाटेत ७०० मिली प्यायलात. एक किलो म्हणजे एक लिटर धरून एकूण १.९ लिटर घाम गेला. अडीच तास लागले असतील तर तासाला साधारण ७६० मिली. हा तुमचा स्वतःचा आकडा. शेजारच्याचा निम्मा असू शकतो. ऋतू बदलला की पुन्हा मोजा.

घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत राहिली, म्हणजे तुमच्या बाबतीत १.३ किलोपर्यंत, तर फारसं बिघडत नाही. ती शून्यावर आणायचा अट्टहास नको. आणि वजन वाढून आलं तर सावध व्हा. घामाच्या प्रत्येक लिटरबरोबर साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ जातं. जागा साध्या पाण्याने भरली की रक्तातलं सोडियम उतरतं. बोटातली अंगठी घट्ट होणं, डोकं ठणकणं, उलट्या, गोंधळ ही त्याची चढती पायरी. अशा वेळी आणखी साधं पाणी पाजू नये, थेट रुग्णालय गाठावं.

तुम्ही तीन लिटर कशाच्या जोरावर ठरवलेत हे पत्रात नाही, पण इतक्या चालीला ते बहुधा जास्तच झाले. चढताना दर पंधरा-वीस मिनिटांनी १५० मिलीच्या आसपास पुरे. एका बाटलीत लिंबू, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घाला. गडावर मडक्यातलं दही आणि ताक मिळतं, त्यात मीठ मागून घ्या. पिठलं-भाकरीतही पुरेसं असतं. उतरल्यावर जेवढी घट झाली त्याच्या सव्वा ते दीड पट पाणी पुढच्या दोन-चार तासांत, खाण्याबरोबर घ्या. पोटऱ्यांच्या गोळ्यांचं खापर मात्र पाण्यावरच फोडू नका. आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी एकदम गड, अशा दमलेल्या स्नायूलाही गोळे येतात.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात, मे महिना आहे, उकळून गार केलेलं पाणी दोन चमचे द्यावं. द्यावं का? (हडपसर)

देऊ नका. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि पहिले सहा महिने, भर उन्हाळ्यातही, बाळाची तहान त्याने भागते. पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी प्यायलं जातं. शिवाय बाळाचं मूत्रपिंड जादा पाणी पटकन टाकू शकत नाही. पावडरचं दूध असेल तर डब्यावरचं माप पाळा, ‘उन्हाळा आहे, जरा पातळ करू’ असं नको. चोवीस तासांत सहा दुपटी ओली होत असतील तर बाळाला पुरेसं मिळतंय. टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, बाळ मलूल झालं तर डॉक्टरांकडे न्या. सासूबाईंची काळजी खरी आहे. तेच पाणी त्यांनी तुम्हाला द्यावं. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ७०० मिली जास्त लागतं. बाळ पाजायला घेताना शेजारी तांब्या भरलेला असू द्या.

प्रश्न : सोसायटीला टँकरचं पाणी येतं. जुलाब झाले की घरचं मीठ-साखर पाणी करावं की दुकानातलं तयार खोकं आणावं? (वाघोली)

औषधाच्या दुकानातली ओआरएसची पावडर सगळ्यांत चांगली. तिच्या लिटरभर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीने आत जातात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. म्हणून प्रमाणाला महत्त्व. साखर वाढवली की उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. फळांच्या चवीची गोड पेयं नेमकी इथेच चुकतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, ती यामुळेच.

नेहमीची चूक सांगून ठेवतो. पाकिटं दोन मापांत येतात, एक लिटरचं आणि २०० मिलीचं. लिटरचं पाकीट एका पेल्यात ढवळून पाजलं की मीठ पाचपट होतं, आणि लहान मुलाला ते धोक्याचं आहे. पाकीट अर्धं-अर्धंही करू नका. पूर्ण मिसळा, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओता. मिसळल्यावर उकळू नका, दुधात किंवा रसात घालू नका. पाकीट मिळेपर्यंत घरी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली चमच्याने, दहा वर्षांपर्यंत १०० ते २००, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश द्या.

टँकरचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, झाकून त्याच भांड्यात गार करा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद जाणारा नसांचा आजार) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. तो उकळीत टिकत नाही. उकळलेल्या पाण्यात हात घालून पेला बुडवला की केलेलं सगळं वाया. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

प्रश्न : कुंभारवाड्यातून आणलेला माठ एप्रिलमध्ये छान गार करत होता, जूनअखेर करेनासा झाला. फुटला का? (कसबा पेठ)

फुटला असता तर खाली तळं झालं असतं. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. लिटरमागे जेमतेम २० मिली उडालं तरी उरलेलं पाणी दहा-अकरा अंशांनी उतरू शकतं. पावसाळ्यात हवाच ओली, पाणी उडणार कुठे? पुढच्या उन्हाळ्यातही गार करेना, तर क्षारांनी छिद्रं बुजली असतील. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने असं लवकर होतं. काथ्याने आतून-बाहेरून घासा. साबण लावू नका, तो मातीत मुरतो. माठ भिंतीला चिकटवून न ठेवता वाऱ्यावर, ओल्या वाळूवर ठेवा आणि पाणी रोज बदला.

प्रश्न : वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं. उन्हाळ्यात तहानेने जीव कासावीस होतो. थोडं जास्त दिलं तर चालेल का? (बिबवेवाडी)

इथे वरचं काहीच लागू नाही. सर्वसाधारण माप असं : आदल्या दिवशी झालेली लघवी अधिक ५०० मिली. पण वडिलांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या. चहा, आमटी, ताक, कलिंगड, आइस्क्रीम सगळं त्यातच मोजायचं. तहानेवरचा खरा इलाज मीठ कमी करणं हा आहे. लोणचं, पापड, फरसाण बंद झालं की दोन-तीन दिवसांत फरक कळतो. सकाळीच दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून भरा, पेला लहान घ्या. शहाळं देऊ नका, त्यातलं पोटॅशियम त्यांना बाधेल. चूळ भरून थुंकायला मोकळीक आहे. बर्फाचा खडा चघळला की साध्या घोटापेक्षा जास्त वेळ बरं वाटतं, पण तोही बाटलीतल्या पाण्याचाच करा, म्हणजे माप चुकणार नाही.